तिसरा ठोका : सोलापूरच्या आवाजांची रचना करताना ठेवलेल्या नोंदी

सोलापूर आणि आसपासचे आवाज गोळा करून त्यांची चार स्पीकरवर वाजणारी एक ध्वनिरचना करायची, असं दिवाळीत ठरवलं. यंत्रमागाचा कारखाना, हिप्परग्याचा तलाव, नान्नजकडचा माळ, आत्याचं स्वयंपाकघर आणि गड्ड्याची यात्रा (सोलापूरची सिद्धेश्वरांची जानेवारीतली जत्रा) एवढं डोळ्यांसमोर होतं. वाद्य एकही नाही, निवेदन नाही. नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशीच काम झालं, म्हणून जवळजवळ चार महिने गेले. यातले निम्मे दिवस मी टाळता येण्यासारख्या चुकांवर घालवले. दुसऱ्या कुणाला असं काही करायचं असेल तर निदान त्याच चुका पुन्हा होऊ नयेत, म्हणून वहीतल्या नोंदी जशाच्या तशा उतरवून काढते आहे.

१ नोव्हेंबर

हातात मावणारा जुना रेकॉर्डर साडेसात हजारांना मिळाला. ३२ जीबीचं कार्ड ५५० रुपये. कान पूर्ण झाकणारे हेडफोन २,२०० रुपये. सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. या सेटिंगला तासाला साधारण १ जीबी लागते, म्हणजे एका कार्डावर एका दिवसाचं काम आरामात मावतं. एमपी३मध्ये मुद्रण करू नका. पुढे आवाज ताणायचा, उलटा करायचा, खालच्या पट्टीत न्यायचा म्हटलं की गाळलेला भाग लगेच उघडा पडतो.

आपोआप पातळी ठरवणारं सेटिंग पहिल्याच दिवशी बंद केलं. ते चालू असलं की शांततेत रेकॉर्डर स्वतःच आवाज चढवतो आणि सगळं सारखंच मोठं होऊन बसतं. त्याच्या शेजारचं लिमिटर मात्र चालू ठेवलं. वाटलं, अचानक मोठा आवाज आला तर तेवढाच सांभाळून घेईल. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिनं माझा अडीच महिन्यांचा हिशेब बिघडवला.

८ नोव्हेंबर

अक्कलकोट रोडला मैत्रिणीच्या वडिलांचा टॉवेलचा कारखाना आहे. सोळा माग, एकाच छताखाली. काकांनी दोन अटी घातल्या: केस बांधून आणि ओढणी न घालता यायचं, आणि कामगारांना विचारल्याशिवाय त्यांचं बोलणं मुद्रित करायचं नाही. दोन्ही योग्यच होत्या. चालू मागाच्या कडेला धोट्याला (आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो त्याला) फटका देणारा दांडा सतत हलत असतो, तिथं लोंबणारं काहीही नको. माइकची वायरसुद्धा मी कमरेला गुंडाळून घेतली.

कानात फोमचे बोळे घातले होते, त्यावर हेडफोन चढवले आणि ऐकू येतंय त्या अंदाजानं गेन, म्हणजे आवाज किती चढवून घ्यायचा ते, लावला. चाळीस मिनिटं मुद्रण केलं. घरी येऊन पाहते तर अख्खी फाइल वरून छाटलेली, प्रत्येक ठोक्याचं टोक सपाट झालेलं. मागाच्या खोलीत आवाज ९० डेसिबलच्या वर असतो आणि तो हेडफोनच्या कडांतून, कवटीतून, सगळीकडून आत येतो. फाटलेला आवाज आणि खोलीचा आवाज यांतला फरक तिथं कळतच नाही. अशा ठिकाणी कान बाजूला ठेवून फक्त मीटर बघायचा आणि सगळ्यात मोठा ठोका मीटरवर उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नाही (शून्याला आवाज छाटला जातो). आवाज नंतर वाढवता येतो, छाटलेलं टोक परत येत नाही.

९ नोव्हेंबर

परत गेले. मीटर बघून गेन बराच खाली घेतला. दीड तास मुद्रण, कुठंही लाल दिवा नाही. खूश होऊन घरी आले.

चार नंबरच्या मागावर काम करणारे मामा सगळ्यांत जुने, तीस वर्षं टॉवेलच विणताहेत. घरी तेलुगू, माझ्याशी मराठी. काय चाललंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, मागाचा आवाज घेतेय, गाण्यासारखं काहीतरी करायचंय. ते म्हणाले, “मग्गम वाजतंय तेवढं वाजू दे की अक्का, त्यात आणि काय करायचं?” मग्गम म्हणजे माग. मी हसून विषय बदलला. त्याच वेळी त्यांना समोर बसवून ऐकवायला हवं होतं.

१५ आणि १६ नोव्हेंबर

हवेतून येणारा आवाज सोळा मागांचा मिळून येतो. एका मागाचा आवाज सुटा हवा असेल तर त्याच्या लोखंडालाच माइक लावावा लागतो. त्यासाठी २७ मिलिमीटरच्या पिझो चकत्या आणल्या, पंधरा रुपयाला एक. या चकतीला हवेतलं जवळजवळ काही ऐकू येत नाही, ती ज्याला चिकटवाल त्याची थरथर तेवढी पकडते.

चकतीला वायर जोडून सरळ रेकॉर्डरच्या माइकच्या खाचेत घातली. आवाज आला तो पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा. धप्प असं काही नाहीच, नुसती टकटक. आधी सोल्डरिंगला दोष दिला, तीन चकत्या उकलून परत जोडल्या, एक जास्त तापून मेली. दिवस गेला. कारण वेगळंच होतं. अशी चकती म्हणजे साधारण २० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. तिच्यापुढे १० किलो-ओहमचं, म्हणजे कमी विद्युतरोधाचं, इनपुट असलं की ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं, आणि मागाचा जीव तर त्याच्या खालीच असतो. तेच इनपुट १ मेगा-ओहमचं केलं की ही मर्यादा ८ हर्ट्झवर येते.

रविवारी टीएल०७२ ची चिप, ९ व्होल्टची बॅटरी आणि मेगा-ओहमचा रेझिस्टर वापरून छोटा बफर, म्हणजे चकती आणि रेकॉर्डरच्या मध्ये बसणारं सर्किट, बांधला, पत्र्याच्या डबीत बसवला. डबी, जॅक, वायर, चिप धरून ६४० रुपये. मग मागाच्या चौकटीवरचं ग्रीस पुसून चकती दुहेरी टेपनं चिकटवली आणि पहिल्यांदा तो खालचा धक्का ऐकू आला. छातीत बसतो तसा.

सोबत ५० हर्ट्झची गुणगुणही आली. ती दोन गोष्टींनी गेली: चकतीच्या मागे तांब्याची पट्टी लावून ती वायरच्या जाळीला जोडली, आणि रेकॉर्डर चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवला. दुसरा उपाय फुकटचा आहे, तो आधी करून बघा.

२३ नोव्हेंबर

हिप्परगा. अदिला नदीवरचा ब्रिटिश काळातला एकरुख तलाव, पण सोलापुरात त्याला हिप्परगा हेच नाव. पाण्याखालचा माइक म्हणून तीच पिझो चकती जलरोधक करून वापरायची होती. पहिली चकती हॉट ग्लूमध्ये बुडवली, ती दहा मिनिटांत गेली. थंड पाण्यात ग्लू आक्रसतो आणि वायरच्या कडेनं पाणी शिरतं. दुसरी एम-सीलनं बंद केली होती, तिच्यात वायर वाकते तिथंच चीर पडली. तिसरीला अराल्डाइटचे दोन थर दिले, मध्ये रात्रभर सुकवलं आणि वायर निघते तिथं उष्णतेनं आवळणारी नळी चढवली. ती अजून चालते आहे. सगळं मिळून ३८० रुपये.

सकाळी साडेसहाला पोचले, कारण पहाट म्हणजे शांतता असं डोक्यात पक्कं बसलेलं. वर टिटवी ओरडत होती, खंड्या खिदळत होता. पाण्याखाली मात्र काही नाही. एक तास काही नाही. तिसरी चकतीही गेली असं समजून सामान आवरलं आणि काठावर डबा उघडून बसले. साडेदहाच्या सुमारास सहज परत सोडून पाहिली, तर कानात बारीक टिकटिक. तव्यावर मोहरी तडतडायला लागते ना, तिचे पहिले दोन-चार दाणे, तसं. उन्हं वर येतील तशी वाढत गेली, अकराला तर सरीसारखी. पाण्यातली झाडं उन्हात ऑक्सिजन सोडतात आणि पानावरून बुडबुडा सुटताना टक् असा आवाज होतो. ढग आला की टिकटिक विरळ व्हायची, ढग गेला की पुन्हा दाट. दोन तास मी तिथून हलले नाही.

पाण्याखालच्या आवाजासाठी पहाटे जाऊ नका, ऊन चढल्यावर जा. चकती तळाला टेकू देऊ नका आणि तरंगत ठेवायला प्लास्टिकची बाटली वापरू नका, लाटेनं बाटलीच कडकडते. मी थर्माकोलचा तुकडा वापरला.

७ डिसेंबर

नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं, बार्शी रस्त्यावर शहरापासून वीसेक किलोमीटर. माळढोक दिसेल ही आशा धरून गेले नव्हते, चंडोल आणि तित्तिर हवे होते. वनरक्षकांनी आधीच सांगितलं की मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. आवाज घेणाऱ्या प्रत्येकानं हे पाळायला हवं. खोट्या हाकेला पक्षी आपली जागा राखायला धावून येतो आणि तेवढा वेळ त्याचं चरणं, पिल्लांकडे बघणं सुटतं.

पण वाऱ्यानं सगळं धुऊन नेलं. फोमची टोपी असूनही फाइलभर नुसतं भडाड्भड. वाऱ्याला फोम पुरत नाही, लांब केसांचं आवरण लागतं. (नंतर टेडीबेअर शिवतात तसं कापड २२० रुपयांना आणून शिवलं. बाजारातल्या तयार टोपीइतकंच काम करतं.)

परतताना रस्त्याकडेच्या ज्वारीच्या शेताला साध्या तारेचं कुंपण दिसलं. वारा तर होताच. शेतकऱ्याला विचारलं, तो म्हणाला, “तार तोडू नका म्हंजे झालं.” पिझो चकती कपडे वाळत घालायच्या चिमट्यानं तारेला धरली आणि हेडफोन लावले. तार गात होती. एकच लांब सूर, मध्येच चढणारा, मध्येच दुभंगून दोन होणारा. वारा तारेवरून जाताना मागे आळीपाळीनं भोवरे सुटतात आणि ते तारेला हलवतात. तार ३ मिलिमीटर जाड आणि वारा सेकंदाला ३ मीटर असेल तर हिशेबानं सूर २०० हर्ट्झच्या जवळ येतो, वारा दुप्पट झाला की सूरही दुप्पट. दिवसभर ज्यानं काम बिघडवलं तोच वारा तारेवर पन्नास मिनिटं कामी आला. या रचनेचा मधला सगळा भाग त्या कुंपणावर उभा आहे.

२१ डिसेंबर

आत्याकडे शेंगाची चटणी. ती अजून उखळात कुटते. घरात मुद्रण करताना फ्रिज बंद करावा लागतो, त्याची घरघर प्रत्येक फाइलमध्ये उतरते. बंद केला आणि लावायला विसरले, दोन लिटर दूध नासलं. आता रेकॉर्डर काढला की स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवते, म्हणजे फ्रिज उघडल्याशिवाय घराबाहेर पडताच येत नाही.

चटणीचा आवाज असा: पहिल्या दोन मिनिटांत भाजलेले दाणे फुटतात, आवाज कोरडा, वर उडणारा. मग लसूण पडतो, तिखट पडतं, घाव बसका होतो. आणि सहाव्या-सातव्या मिनिटाला दाण्याला तेल सुटलं की मुसळ वर उचलताना चप् असा ओढल्यासारखा आवाज येतो. आत्या तो आवाज आल्याशिवाय थांबत नाही. घड्याळ नाही, चव नाही, बघणंही नाही. ती सरळ म्हणाली, “चिकटून बोलायला लागली की झाली.” माझ्या रेकॉर्डरमध्ये तो क्षण ६ मिनिटं ४० सेकंदांवर आहे.

४ जानेवारी

हुरड्याच्या शेतावर पाखरं राखणारे आजोबा. गोफणीचा फटका घ्यायचा होता. तीन वेळा छाटला गेला, चौथ्यांदा रेकॉर्डर वीस पावलं मागे नेला तेव्हा जमलं. फटक्यानंतर थवा उठतो, तो आवाज फटक्याहून चांगला निघाला. एवढंच.

१४ जानेवारी

गड्डा, अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा प्रतीकात्मक विवाह. सकाळपासून बाराबंदी (पांढरा पारंपरिक पोशाख) घातलेली माणसं, हलग्या, सात नंदीध्वज (उंच सजवलेल्या काठ्या), आणि दर थोड्या वेळानं उठणारा “बोला, हर्र”चा गजर. दुपारी संमती कट्ट्याजवळ इतकी गर्दी की रेकॉर्डर हात वर करून धरण्याखेरीज इलाज नव्हता. वीस मिनिटांत हात थरथरायला लागला आणि ती थरथर फाइलमध्ये बारीक खडखड म्हणून उतरली. एखादी छोटी काठी न्यायला हवी होती.

संमती, म्हणजे या विवाहाचे मंगल शब्द, वाचली गेली, “सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम” झालं आणि अक्षता पडल्या. केसाळ टोपीवर पडणाऱ्या दाण्यांचा आवाज अगदी जवळून आला: मऊ, विखुरलेला, आधी तीन-चार, मग एकदम सगळे. घरी ऐकताना अंगावर काटा आला. हिप्परग्याचे बुडबुडे आणि या अक्षता एकमेकांशेजारी ठेवल्या तर एकाचं दुसऱ्यात कधी झालं ते कळत नाही.

एक गोष्ट तिथंच ठरवली. संमतीचे शब्द किंवा गजर कापून-ताणून वापरायचे नाहीत. ज्यांच्या श्रद्धेचा तो आवाज आहे त्यांना मी विचारलेलं नाही आणि एवढ्या गर्दीत विचारता येणारही नाही. फक्त दाणे घेतले.

१८ जानेवारी

जुळणी सुरू. एकूण एकवीस तासांचं मुद्रण होतं, ते ऐकण्यातच तीन आठवड्यांच्या संध्याकाळी गेल्या होत्या. फाइलच्या नावात तारीख, जागा आणि कशानं घेतलं ते लिहायची सवय पहिल्यापासून ठेवली असती तर यातली एक संध्याकाळ वाचली असती.

मागाच्या भागासाठी सुरुवातीला छोटा तुकडा कापून तोच फिरवत ठेवला. पॅरिसमध्ये पिएर शेफर यांनी १९४८ साली आगगाडीचे आवाज तबकड्यांवर घेऊन असंच केलं होतं, तबकडीची खाच वर्तुळात बंद करून तोच क्षण परत परत वाजवत. आगगाडीचं ते जमतं, मागाचं नाही जमलं. माग मुळातच फिरून फिरून तेच करतो, पण दर वेळी किंचित वेगळं. तुकडा फिरवला की तो किंचित फरक मरतो आणि दहा सेकंदांत कान विटतात. लूप काढून टाकला, सलग मुद्रण वापरलं.

मग ठोके फार वरखाली वाटले म्हणून कॉम्प्रेसर लावून सारखे केले. एकदम घट्ट, भरीव, पडद्यासारखं झालं. चार मिनिटांचा हा भाग मला तेव्हा सगळ्यात जमलेला वाटत होता.

२४ जानेवारी

मामांना ऐकवलं. कारखान्याबाहेर, चहाच्या टपरीवर, हेडफोन लावून. ते अर्धं मिनिट ऐकत राहिले आणि हेडफोन काढून म्हणाले, “हे टॉवेलचं नाही की ओ अक्का. कुठलं आणलं?”

मी म्हटलं, तुमच्याच कारखान्यातलं आहे, नऊ तारखेचं.

“नाही नाही. टॉवेल असं चालत नाही.” टपरीच्या बाकड्यावर त्यांनी बोटांनी वाजवून दाखवलं. दोन हलके, एक जोरात. दोन हलके, एक जोरात. “पहिले दोन धागे लांब थांबतात. तिसऱ्याला फणी पुढंपर्यंत येते, तिघांना घेऊन बसवते. तेव्हा कुठं फुली उठते. हे तुझं सगळं सारखंच मारतंय. असं मारलं तर पंचा होईल, टॉवेल नाही होणार.”

फुली म्हणजे टॉवेलवरचे दोऱ्याचे उभे फास, आणि फणी म्हणजे आडवा धागा कापडात ठोकून बसवणारी मागाची चौकट. दोन धागे कापडाच्या कडेपासून अंतर ठेवून पडतात, तिसऱ्याबरोबर फणी पूर्ण ठोकते, तेवढ्या सरकण्यानं सैल ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, फास वर येतात. म्हणजे तिसरा ठोका मोठा असतो म्हणूनच टॉवेल पाणी टिपतो.

आणि मी तो तिसरा ठोका काढून टाकला होता. त्याला दोष समजून.

घरी येऊन मूळ फाइल उघडली. त्यातही ठोके जवळजवळ सारखेच. मग आठवलं, लिमिटर. मोठा ठोका आला की तो दाबत होता, म्हणजे दर तिसरा ठोका मुद्रणातच दबला होता. कॉम्प्रेसरनं उरलंसुरलं सपाट केलं. आठ तारखेची फाइल छाटलेली, नऊची दाबलेली. लोखंडाला लावलेल्या चकतीच्या मुद्रणात तिसरा ठोका थोडाफार शिल्लक होता, पण खोलीचा आवाज पुन्हा घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्या रात्री नीट झोप लागली नाही. मुद्रण वाया गेलं याहून जास्त हे लागलं की अडीच महिने मी तो आवाज रोज ऐकत होते आणि तिनाची गत माझ्या कानाला कळलीच नव्हती. मामांना अर्ध्या मिनिटात कळली.

१ फेब्रुवारी

लिमिटर बंद. तिसरा ठोका उणे १२ ला, बाकीचे जिथं पडतील तिथं. दोन तास.

आता ऐकताना आणखी एक गोष्ट सापडली. धोटा एकदा डावीकडून सुटतो, एकदा उजवीकडून, म्हणजे दिशा दोनाची. फणीची गत तिनाची. दोन्ही मिळून चक्र सहाला पूर्ण होतं, दादऱ्यासारखं: एकदा जोराच्या ठोक्याला धोटा डावीकडून, पुढच्या जोराच्या ठोक्याला उजवीकडून. चार नंबरचा माग मोजला, मिनिटाला १३२ ठोके. शेजारचा पाच नंबर १३५. साधे ठोके दर वीस सेकंदांनी एकमेकांवर येतात. पण जोराचे ठोके एकाचे ४४, दुसऱ्याचे ४५, त्यामुळे ते मिनिटातून एकदाच जुळतात. मी दोन्ही मागांच्या मधल्या बोळात उभी राहिले आणि डोळे मिटून त्या जुळण्याची वाट बघत राहिले. आधी दोघं भांडल्यासारखे, मग एकामागे एक पळाल्यासारखे, मग एकच मोठा माग, मग पुन्हा सुटे. हे मला संगणकावर घडवावं लागलंच नाही. रचनेतली ती चार मिनिटं आता जशीच्या तशी आहेत, एकही काप नाही.

अकरा चाळीसला वीज गेली. सगळे माग एका क्षणी थांबत नाहीत, प्रत्येक जण आपापल्या वेगात एक-दोन ठोके मारून बसतो. शेवटचा ठोका सात नंबरचा. मग पत्र्यावर चिमण्या आणि कांड्या भरणाऱ्या बायकांचं तेलुगूतलं बोलणं, ज्याचा आवाज अजून मागांवर मात करायच्याच पातळीला होता. दोन वाक्यांनंतर त्या स्वतःच हळू झाल्या. त्यांना ऐकवून, विचारून तेवढा भाग ठेवला आहे.

८ फेब्रुवारी

रचना अठरा मिनिटांची झाली. चटणीनं सुरुवात, मग माग, वीज जाणं, कुंपणाची तार, तिच्याखालून हिप्परग्याचे बुडबुडे, त्यातून अक्षता, शेवटी पुन्हा माग. गोफण काढली. चंडोलाचे वाचलेले तीन मिनिटं काढले. ते सुंदर होते, पण कशाशीच बोलत नव्हते. पक्ष्यांचा आवाज घातला की लगेच निसर्ग झाला असं वाटतं, त्या मोहाला आवर घाला.

कॉम्प्रेसर कुठंच नाही. चारही स्पीकर चार कोपऱ्यांत, चार नंबर डावीकडे, पाच उजवीकडे, तार मागून.

१५ फेब्रुवारी

कारखान्याला सुट्टी होती, काकांनी संध्याकाळी जागा दिली. बंद मागांच्या मध्ये स्पीकर ठेवले. भाडं १,६०० रुपये, चार आउटपुटचा साउंडकार्ड ८०० रुपये भाड्यानं. लावताच गुणगुण. दोन स्पीकर एका भिंतीच्या बोर्डावर, दोन दुसऱ्या भिंतीच्या. सगळे एकाच एक्स्टेन्शनवर आणले तेव्हा ती बसली, पण यात पाऊण तास गेला आणि माणसं खुर्च्यांवर बसून होती. स्पीकर आदल्या दिवशी लावून बघा.

बावीस जण आले, बहुतेक कामगार आणि त्यांच्या घरचे. दिवे कमी केले. चटणीच्या चप् आवाजाला बायका आपसात काही म्हणाल्या. मागांच्या भागात कुणी बोललं नाही. जोराचे ठोके पहिल्यांदा जुळले तेव्हा माझ्या पुढे बसलेल्या एका पोराची मान आपोआप हलली, मागे त्याच्या आईचीही.

संपल्यावर मामा आले. मला वाटलं तिसऱ्या ठोक्याबद्दल काही म्हणतील. ते म्हणाले, “चार नंबरचा उजवा पिकर गेलाय.”

पिकर म्हणजे धोट्याला फटका देणाऱ्या दांड्यावरचा ठोकळा. तो गेलाय हे यांना कसं कळलं, ते मला कळेना. त्यांनी परत लावायला सांगितलं, फक्त डावा पुढचा स्पीकर. “हे बघ. डावीकडून मारतं तेव्हा टक्. उजवीकडून मारतं तेव्हा टक-क. दोनदा. धोटा बसतो तिथं भोक मोठं झालंय, धोटा हलतोय आत. सोळा माग चालू असताना हे ऐकू येत नाही की.” मी फाइल मोठी करून पडद्यावर पाहिलं. दर दुसऱ्या ठोक्याला खरंच दोन टोकं होती, एकापाठोपाठ एक. आजवर मी त्याला खोलीचा प्रतिध्वनी समजत होते.

आजवरचा खर्च जुळवला: रेकॉर्डर, कार्ड, हेडफोन, आठ चकत्या, बफर, अराल्डाइट वगैरे, केसाळ कापड, स्पीकर आणि साउंडकार्डचं भाडं, पेट्रोलचे ९०० धरून १४,९१० रुपये. मेलेल्या तीन चकत्या यातच आल्या.

२२ फेब्रुवारी

चार नंबरला सोमवारी नवा पिकर बसवला. आज जाऊन चकती त्याच जागी चिकटवली आणि दहा मिनिटं घेतली. उजवीकडचा दुहेरी टक-क गेला आहे. पण त्याच्या जागी आलेला आवाज डाव्यासारखाही नाही. कडक आहे, लाकडावर लाकूड आपटल्यासारखा. जुना आवाज आता रचनेतल्या त्या चार मिनिटांत तेवढा उरला. काढायचा का ठेवायचा, असं मामांना विचारलं.

“ठेव की. तेव्हा तसंच होतं.” मग नव्या पिकरवर बोट टेकवून धोटा हातानं आतबाहेर करून पाहिला. “हे अजून बसलं नाही. महिन्यानं ये, तेव्हा घे. आता घेऊन उपयोग नाही.”

२२ मार्चला रविवार येतो. रेकॉर्डरच्या डबीवर तारीख लिहून ठेवली आहे, खाली लिमिटर बंद.